रुमालातील मराठी आणि शोधयंत्राची नजर

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात, नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर, मराठी भाषेतील एक प्रदीर्घ शिलालेख आहे. शरफोजी राजांच्या कारकिर्दीत चिटणीस बाबूराव यांनी भोसले घराण्याचा इतिहास लिहिला आणि १८०३ मध्ये तो दगडावर कोरला गेला. जगातील सर्वांत दीर्घ शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. लिपी देवनागरी आहे, अक्षर सुवाच्य आहे आणि मंदिर १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. राजराज चोळाने इसवी सन १०१० च्या सुमारास पूर्ण केलेले हे मंदिर पाहण्यासाठी देशोदेशीचे लोक येतात आणि या भिंतीची छायाचित्रे काढून महाजालावर चढवितात. महाराष्ट्रातून गेलेला प्रवासी तेथे थबकतो, चार ओळी वाचतो आणि इतक्या दक्षिणेस आपली भाषा भेटल्याचा आनंद घेऊन पुढे जातो.

संगणकाची गोष्ट वेगळी आहे. त्या छायाचित्राच्या फाइलचे नाव कॅमेऱ्याने दिलेला एखादा क्रमांक असेल आणि त्याच्या शेजारी कसलाही मजकूर नसेल, तर शोधयंत्राच्या लेखी ते दगडी भिंतीचे एक चित्र ठरते. फार तर चित्रातील आकारांवरून ‘मंदिर’, ‘शिलालेख’ असा तर्क ते करील. भिंतीवर कोणाचा इतिहास आहे, तो कोणी लिहिला, त्यात कोणत्या राजाचे नाव कोणत्या ओळीत येते, यांपैकी काहीही त्याच्या सूचीत खात्रीने उतरत नाही. दोनशे वर्षे उन्हापावसात सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेला मजकूर महाजालावर असा अदृश्य राहू शकतो.

हा प्रश्न एका भिंतीपुरता असता तर तो कौतुकाचा विषय होऊन राहिला असता. परंतु तंजावर हे मराठी कागदपत्रांचे महाराष्ट्राबाहेरील एक फार मोठे आगर आहे, आणि तेथील मराठीचे पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी या अदृश्यतेवर अवलंबून आहे.

सूचीचे सामर्थ्य

व्यंकोजी राजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी स्थापन केली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्रावाचून निवर्तले आणि इंग्रजांनी संस्थान खालसा केले. या पावणेदोनशे वर्षांत दरबारात मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत या चारही भाषा नांदल्या. नायक राजांच्या काळापासून चालत आलेला ग्रंथसंग्रह मराठ्यांनी वाढविला. त्याला आजचे रूप दिले ते दुसऱ्या शरफोजी राजांनी, म्हणजे १७९८ ते १८३२ या कारकिर्दीत. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. राजाने आपला वेळ आणि तनखा ग्रंथांवर, वैद्यकावर, संगीतावर खर्च केला. काशीयात्रेला गेलेला हा राजा परतताना पोथ्या घेऊन आला. तंजावरात त्याने देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापच्या गोष्टींचे मराठी रूपांतर, ‘बालबोधमुक्तावली’, तेथे छापले गेले. मुंबई-पुण्याकडे मराठी मुद्रणाला बहर येण्याच्या कितीतरी आधीची ही घटना आहे.

१९१८ मध्ये हा संग्रह मद्रास सरकारच्या व्यवस्थेखाली सार्वजनिक झाला. आज तो तंजावर महाराजा शरफोजी सरस्वती महाल ग्रंथालय या नावाने ओळखला जातो. सुमारे ४९ हजार हस्तलिखितांपैकी बहुसंख्य संस्कृत आहेत. मराठी हस्तलिखिते तीन हजारांच्या घरात आहेत आणि त्याशिवाय मोडी कागदांचे शेकडो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे दप्तर बांधण्याचे कापड, आणि त्यात बांधलेले कागदही रुमालच.

एवढा संग्रह असूनही बाहेरच्या विद्वानांना त्याची ओळख पटली ती सूचीमुळे. तंजावर येथे न्यायाधीश असलेले आर्थर बर्नेल यांनी राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली. ती १८८० मध्ये लंडनला पूर्ण प्रसिद्ध झाली आणि युरोपातील संस्कृतज्ञांना हा संग्रह एकाएकी दिसू लागला. ग्रंथ तेच होते, जागाही तीच होती. पुढे पी. पी. एस. शास्त्री यांनी १९ खंडांची वर्णनात्मक सूची केली. ग्रंथाचे नाव, कर्ता, आरंभ, शेवट, पानांची संख्या आणि अवस्था इतक्या गोष्टी नोंदल्या की दूरदेशीचा अभ्यासक नेमका ग्रंथ मागवू शकतो. खरे तर ही दृष्टी जुन्या लेखनिकांनाही होती. पोथीच्या अखेरीस येणाऱ्या पुष्पिकेत ग्रंथाचे नाव, कर्त्याचे नाव, लेखनिक, शक आणि स्थळ लिहून ठेवण्याची प्रथा याच गरजेतून आली. संकेतस्थळांच्या परिभाषेत ज्याला मेटाडेटा म्हणतात, त्याची ही पूर्वज होय.

सूचीत नसलेल्याचे काय होते, याचे उदाहरणही तंजावरनेच दिले आहे. शहाजी राजांनी, म्हणजे १६८४ ते १७१२ या काळात राज्य करणाऱ्या व्यंकोजीपुत्राने, मराठीत नाटके लिहिली. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ १६९० च्या सुमाराचे मानले जाते. महाराष्ट्रात मात्र मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील सांगलीच्या ‘सीतास्वयंवरा’पासून मोजला गेला आणि ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आजही त्याच प्रयोगाची आठवण ठेवतो. भाव्यांचे कर्तृत्व त्यामुळे उणे होत नाही. पण दीडशे वर्षे आधीची मराठी नाटके अस्तित्वात असताना ती इतिहासकारांच्या हिशेबात नव्हती. विसाव्या शतकात त्यांच्या संहिता अभ्यासकांपुढे आल्या तेव्हा चर्चा सुरू झाली. तोवर जनमानसातले साल पक्के झाले होते. उशिरा सापडलेल्या गोष्टीला आधीच भरलेल्या जागेत शिरणे फार कठीण जाते.

यंत्र कसे वाचते

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. क्रॉलर नावाचा प्रोग्राम एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानावर जात सारे महाजाल फिरतो. मिळालेला मजकूर शब्दवार सूचीत नोंदला जातो. वाचकाने प्रश्न टाकला की सूचीतून निवडलेली पाने योग्यतेच्या क्रमाने समोर येतात. १९९८ मध्ये उदयास आलेल्या गूगलची मूळ कल्पना विद्वानांच्या व्यवहारातून आलेली होती: ज्या ग्रंथाचा उल्लेख अनेक चांगले ग्रंथ करतात, तो ग्रंथ महत्त्वाचा.

क्रॉलर दुवे धरून चालतो. समोर आलेल्या चौकटीत शब्द टंकून ‘शोधा’ हे बटण तो सहसा दाबत नाही. अनेक ग्रंथालयांच्या संगणकीय सूच्या मात्र अशाच चौकटीमागे असतात. वाचकाने ग्रंथाचे नाव भरले तर नोंद दिसते, आणि ती नोंद त्या क्षणापुरतीच तयार होते. तिला स्वतःचा कायमचा पत्ता नसतो. नाव ठाऊक असलेल्यालाच ग्रंथ सापडावा, असा हा प्रकार. उपाय फार खर्चिक नाही. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र, न बदलणारा पत्ता द्यावा, त्या पत्त्यांची यादी साइटमॅप या फाइलमध्ये ठेवावी आणि विषयवार पानांवरून त्या नोंदींकडे साधे दुवे द्यावेत. साइटमॅपची पद्धत गूगलने २००५ मध्ये आणली आणि पुढच्याच वर्षी याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी ती स्वीकारली.

मराठीचे खास अडथळे

इंग्रजी संकेतस्थळांसाठी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके येथे अपुरी पडतात, कारण मराठीच्या अडचणी वेगळ्या आहेत.

पहिली अडचण टंकांची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून असली, तरी १९९० च्या दशकात आणि २००० नंतरही कित्येक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या खासगी टंकांत जुळविला जात असे. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. पडद्यावर ‘तंजावर’ दिसे. संगणकाच्या स्मरणात मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन माळ असे. अनेक मराठी वृत्तपत्रांच्या त्या काळातील संकेतस्थळांवरील मजकूर यामुळे आज शोधात येत नाही. ज्या संस्थांच्या जुन्या फाइली अशा टंकांत आहेत, त्यांनी त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात. रूपांतर करणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार यांत ते चुका करतात. मुद्रितशोधकाचा हात फिरणे आवश्यक असते.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’ या शब्दांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एक रीत नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त जोडण्याची, दुसरी साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देण्याची. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द असू शकतात. तंजावरच्या ‘दुसऱ्या’ शरफोजीचा शोध घेणाऱ्याला ही गंमत महागात पडू शकते. एका संकेतस्थळावर सर्वत्र एकच पद्धत ठेवणे हा यावरचा साधा नियम होय.

तिसरी अडचण व्याकरणाची. मराठी शब्द क्वचितच मूळ रूपात भेटतो. तंजावरास, तंजावरचा, तंजावरच्या, तंजावराहून अशी रूपे वाक्यात येतात. ‘मोडी रुमाल’ शोधणाऱ्यासमोर ‘मोडीतील रुमालांमध्ये’ हे पान येईलच असे नाही. म्हणून पानाच्या शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात महत्त्वाची नामे किमान एकदा मूळ रूपात यावीत. भाषेच्या दृष्टीनेही यात काही बिघडत नाही. शिवाय लिपी एकच असल्याने चार शब्दांचे मराठी शीर्षक यंत्राला हिंदी वाटू शकते. भाषा ओळखताना ते मुख्यतः प्रत्यक्ष मजकुरावर विसंबते. दोन-चार पूर्ण मराठी वाक्ये असली की संभ्रम उरत नाही.

सर्वांत मोठा गोंधळ नावांचा आहे. तंजावर, तंजावूर, इंग्रजी अमदानीतले टँजोर. राजाचे नाव मराठीत कोणी शरफोजी लिहितो, कोणी सरफोजी, कोणी सर्फोजी. संस्कृत ग्रंथांत तोच शरभेंद्र होतो. तमिळ लिपीत प, फ, ब आणि भ या ध्वनींसाठी मुळात एकच अक्षर आहे, त्यामुळे तमिळमधून रोमन लिपीत गेलेले नाव ‘सरबोजी’ होऊन बसते. दरबारच्या मुदपाकखान्याशी निगडित ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी पाककृतींचा ग्रंथ शोधणाऱ्याला रोमन लिपीतील निदान दोन-तीन रूपे वापरून पाहावी लागतात. सूचीकाराने एक रूप अधिकृत ठरवावे आणि उरलेली सारी रूपे त्याच नोंदीत पर्यायी नावे म्हणून द्यावीत. २०११ मध्ये मोठ्या शोधयंत्रांनी मिळून सुरू केलेल्या स्कीमा डॉट ऑर्ग या परिभाषेत अशा पर्यायी नावांसाठी स्वतंत्र जागा आहे. २०१२ पासून चालणाऱ्या विकिडेटा या मुक्त कोशातही एका व्यक्तीची सर्व भाषांतील नावे एका क्रमांकाखाली एकत्र येतात. तंजावरच्या राजांची नावे तेथे नीट लावणे हे चार अभ्यासकांच्या काही दिवसांच्या श्रमांचे काम आहे, आणि त्याचा लाभ प्रत्येक शोधकर्त्यास होईल.

उत्तर देणारी यंत्रे

गेल्या काही वर्षांत या व्यवहाराला निराळे वळण लागले. वाचक आता पानांची यादी मागत नाही. तो प्रश्न विचारतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र त्याला तयार उत्तर देते. गूगलची अशी उत्तरे भारतात २०२४ पासून दिसू लागली. या यंत्रांसाठी मजकूर गोळा करणारे क्रॉलर वेगळे आहेत. ओपनएआयने आपला जीपीटीबॉट ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केला. इतर कंपन्यांचेही आहेत. काही क्रॉलर यंत्राच्या शिक्षणासाठी मजकूर नेतात, काही वाचकाच्या प्रश्नाच्या क्षणी पान उघडून पाहतात.

त्यांच्यापैकी अनेकांना एक मर्यादा आहे. पान उघडल्यावर जावास्क्रिप्ट चालवून जो मजकूर पडद्यावर उमटतो, तो त्यांना दिसत नाही. गूगलचा क्रॉलर असा मजकूर वाचू शकतो, पण सर्वांना ते जमत नाही. त्यामुळे दिमाखदार, सरकत्या चित्रांचे संकेतस्थळ या वाचकांपुढे कोरे ठरते आणि साध्या एचटीएमएलमधील मजकूर पूर्ण वाचला जातो. महत्त्वाचा मजकूर सर्व्हरवरूनच तयार होऊन यावा, चित्राला शब्दांत वर्णन द्यावे आणि पीडीएफ केवळ पानांची छायाचित्रे नसावीत, एवढे पाळले तरी पुष्कळ साधते.

यात काय पणाला लागले आहे, ते सांबाराच्या गोष्टीवरून समजते. संभाजी राजांच्या आगमनप्रसंगी तंजावरच्या मुदपाकखान्यात आमसुलाऐवजी चिंच घालून आमटी केली आणि पाहुण्याच्या नावावरून तिला सांबार म्हटले गेले, ही कथा महाजालावर शेकडो ठिकाणी आहे. कथा रुचकर आहे; तिच्यासोबत समकालीन कागदाचा आधार मात्र कोणी देत नाही. शिकाऊ यंत्र ती शंभरदा वाचते आणि ठामपणे सांगते. तंजावरच्या दरबारात खरोखर काय शिजत होते, हे सांगू शकणारी पोथी आणि हिशेबाचे कागद याच गावात आहेत. ते वाचनीय मजकुराच्या रूपात जालावर आले नाहीत, तर पुढच्या पिढीला तंजावरचे मराठे ठाऊक होतील ते प्रामुख्याने एका आमटीच्या दंतकथेतून.

अर्थात दार सताड उघडे ठेवावे काय, हा प्रश्न उरतोच. १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी सुचविलेली रोबॉट्स डॉट टीएक्सटी ही फाइल क्रॉलरला कोठे जावे व कोठे जाऊ नये हे सांगते; २०२२ मध्ये तिला औपचारिक मानकाचे रूप मिळाले. तिच्यात प्रत्येक क्रॉलरसाठी वेगळी सूचना देता येते. शोधयंत्राला प्रवेश आणि शिक्षणासाठी नेणाऱ्याला मज्जाव, असेही करता येते. ही फाइल म्हणजे दारावरची पाटी आहे, कुलूप नव्हे. सभ्य पाहुणाच ती पाळतो. यंत्रांची वर्दळ हाही भार असतो. विकिमीडिया प्रतिष्ठानने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की जानेवारी २०२४ पासून त्यांच्या चित्रे व ध्वनिचित्रफिती उतरवून घेण्यासाठी लागणारी बँडविड्थ ५० टक्क्यांनी वाढली, आणि ही वाढ मुख्यतः यंत्रांमुळे होती. लहान ग्रंथालयाच्या सर्व्हरला हे झेपणार नाही. म्हणून सूची, वर्णने आणि लिप्यंतरे यांना मुक्त प्रवेश द्यावा. उच्च दर्जाची मोठी छायाचित्रे मागणीनुसार द्यावीत, ही मध्यमवाट समंजसपणाची दिसते.

दुकानापासून बँकेपर्यंत

हे सारे केवळ विद्वानांचे काम आहे असे समजण्याचे कारण नाही. तंजावरच्या वीणेला २०१३ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तेथील नेट्टी म्हणजे पाणवनस्पतीच्या गाभ्यातून होणाऱ्या कोरीव कामाला २०२० मध्ये. फणसाच्या लाकडातून वीणा घडविणाऱ्या कारागिराच्या संकेतस्थळावर वीस सुंदर छायाचित्रे आणि एक भ्रमणध्वनी क्रमांक एवढेच असेल, तर पुण्यातील विद्यार्थ्याला तो सापडणे अवघड. लाकूड कोणते, एकसंध खोडाची वीणा आणि जोडाची वीणा यांत फरक काय, घडवायला किती दिवस लागतात, दुरुस्ती होते काय, हे चार परिच्छेद ग्राहकाच्या भाषेत लिहिले की दुकान शोधयंत्राच्या नकाशावर येते. नाव, पत्ता आणि वेळ सर्वत्र एकाच पद्धतीने लिहिणेही तितकेच आवश्यक आहे. पैसे घेऊन पहिल्या पानावर आणून देण्याची हमी देणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. तशी हमी कोणालाही देता येत नाही.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. जेथे अधिकृत माहिती सहज सापडत नाही, तेथे ठकसेन आपली पाटी लावतात. बँकांच्या नावाने खोटे ग्राहकसेवा क्रमांक शोधात वर आणून लोकांना लुबाडण्याचे प्रकार देशभर घडले आहेत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नामक्षेत्रात ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत स्थलांतर करण्यास सांगितले, त्यामागे हेच कारण होते. क्रमांक शोधयंत्राच्या उत्तरातून उचलण्याऐवजी पासबुकावरून, कार्डाच्या मागील बाजूवरून किंवा या नामक्षेत्रातील पानावरून घ्यावा.

मोडीची पाळी

तंजावरच्या संग्रहातील सर्वांत अवघड भाग मोडीचा. युनिकोडमध्ये मोडी लिपीला जागा मिळाली ती जून २०१४ मध्ये. अक्षरांना क्रमांक मिळाले म्हणून हस्ताक्षर वाचता येत नाही. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो आणि प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे. तंजावरच्या कागदांत त्यावर तमिळ शब्दांची भर पडते. तमिळ विद्यापीठाने यांतील निवडक कागदांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले आहे, त्यामुळे त्यांतील काही भाग तमिळ वाचकाला मराठी वाचकापेक्षा अधिक सुलभ आहे, ही थोडी खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

यंत्राला मोडी शिकवायची तर त्याला मूळ पानाचे छायाचित्र आणि माणसाने केलेले अचूक देवनागरी लिप्यंतर, अशा हजारो जोड्या द्याव्या लागतात. त्या जोड्या फक्त मोडी वाचणारी माणसे तयार करू शकतात. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग चालतात, त्यांतून दरवर्षी नवे वाचक तयार होतात. तंजावर परिसरात घरी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत, त्यांच्या बोलीत त्या कागदांतील कित्येक शब्द अद्याप जिवंत आहेत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ज्ञान भारतम् मोहिमेने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यात तंजावरच्या एका रुमालाचे काम हाती घेतले, तर प्रत्येक कागदाला पत्ता, तारीख, विषय, व्यक्तींची सर्व रूपांतील नावे आणि चार ओळींचा मराठी सारांश, एवढे पहिल्या फेरीत देता येईल. संपूर्ण लिप्यंतर सावकाश झाले तरी चालेल.